खडतर वाटेवरील वाहनांच्या चाकांचे संतुलन : एक ऐतिहासिक मागोवा

मोटारीच्या टायरचा इतिहास सांगताना रबर, दोरा आणि हवा या तीन गोष्टींवर अभ्यासकांचा भर असतो, आणि ते स्वाभाविकही आहे. चाकाच्या संतुलनाचा उल्लेख मात्र बहुधा एखाद्या वाक्यात उरकला जातो. संतुलन म्हणजे कार्यशाळेतील कारागिराचे काम, त्यात इतिहास तो कोणता, अशी समजूत यामागे असावी. पण टायरच्या कडेला शिशाचा तुकडा ठोकण्याच्या या साध्या कृतीमागे परिभ्रमी यंत्रांच्या सिद्धांताची जवळजवळ शंभर वर्षांची वाटचाल उभी आहे. ती वाटचाल जीप व तिच्या जातीच्या वाहनांपाशी येऊन अडखळली. चिखल, दगड व वाळू यांतून मार्ग काढणे आणि त्याच दिवशी पक्क्या सडकेवरून वेगाने धावणे, ही दोन्ही कामे या वाहनाकडून अपेक्षित असतात. पहिल्या कामासाठी जे चाक लागते तेच दुसऱ्या कामात अडचणीचे ठरते.

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविणाऱ्या लोहाराला संतुलनाची चिंता कधीच नव्हती. चाक गोल आहे किंवा नाही आणि आसावर डगमगते किंवा कसे, एवढेच तो पाहत असे. रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ साली हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले व जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ साली तीच कल्पना बेलफास्ट येथे स्वतंत्रपणे पुन्हा शोधून काढली. त्या वेळीही प्रश्न हादऱ्यांचा व ओढीचा होता, तोलाचा नव्हता. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशेलिन बंधूंनी मोटारीला हवेचे टायर लावून भाग घेतला. त्या शर्यतीत सर्वांत आधी पोहोचलेल्या लव्हासोर याच्या गाडीचा सरासरी वेग ताशी सुमारे २४ किलोमीटर होता. एवढ्या वेगाला चाकातील असंतुलन म्हणजे काय, हे एका हिशेबाने स्पष्ट होते. ७३० मिलिमीटर व्यासाच्या चाकात आसापासून २०० मिलिमीटर अंतरावर ५० ग्रॅम जादा द्रव्यमान आहे असे समजावे. ताशी २४ किलोमीटरला त्याची केंद्रोत्सारी प्रेरणा सुमारे ३.३ न्यूटन, म्हणजे पाव शेर वजनापेक्षा फारशी अधिक नाही. ताशी ६० किलोमीटरला ती २१ न्यूटन होते आणि ताशी १०० किलोमीटरला ५८ न्यूटन, म्हणजे जवळजवळ सहा किलोग्रॅम भाराइतकी. ही प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय ती सेकंदाला बारा वेळा आपली दिशा फिरवून आस वर उचलते व खाली दाबते. संतुलनाचा प्रश्न वेगाने निर्माण केला आहे. चाकाच्या शोधाशी त्याचा संबंध नाही.

या प्रश्नाचे शास्त्र मात्र मोटारीच्या आधीच दुसऱ्या ठिकाणी तयार होत होते. बाष्प टर्बाइन, विद्युत् जनित्रे आणि साखर कारखान्यांतील व धुलाईगृहांतील केंद्रोत्सारक ही त्याची जन्मस्थाने होत. फिरणाऱ्या दंडाचा एक क्रांतिक वेग असतो, त्या वेगाला दंडाची स्वाभाविक कंप्रता व परिभ्रमणाची कंप्रता जुळतात व कंपन बेसुमार वाढते, हे १८६९ मध्ये रँकिन याने मांडले. त्या वेगापलीकडे दंड स्थिर राहूच शकणार नाही, असा निष्कर्षही त्याने काढला. तो चुकीचा होता. स्वीडनच्या दे लावाल याने १८८० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या टर्बाइनला मुद्दाम लवचीक दंड बसविला आणि क्रांतिक वेगाच्या कितीतरी पलीकडे ते यंत्र सुरळीत चालवून दाखविले. प्रयोग पुढे गेला आणि सिद्धांत मागे राहिला, अशी ही अवस्था काही वर्षे टिकली. १८९५ मध्ये आउगुस्ट फ्योप्ल याने जर्मनीत व १९१९ मध्ये जेफकॉट याने इंग्रजीत तिचे स्पष्टीकरण दिले : क्रांतिक वेगाच्या खाली चक्राची जड बाजू बाहेरच्या अंगाला राहते, त्या वेगाच्या वर चक्र आपल्या द्रव्यमान-केंद्राभोवती फिरू लागते व जड बाजू आतल्या अंगाला येते. पुढील विवेचन समजण्यासाठी हे एक वाक्य नीट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. टायरमध्ये गोळ्या टाकण्याच्या अलीकडील पद्धतीचे समर्थन व तिच्यावरील आक्षेप ही दोन्ही त्याच वाक्यातून निघतात.

याच सुमारास असंतुलनाचे दोन प्रकार वेगळे ओळखले जाऊ लागले. चाक आडव्या आसावर मोकळे सोडले असता जड बाजू खाली येऊन थांबते, हे स्थैतिक असंतुलन होय. पण चाकाच्या एका कडेला उजवीकडे व समोरच्या कडेला डावीकडे सारखेच जादा द्रव्यमान असेल तर चाक मोकळे सोडल्यावर कोठेही थांबते आणि तरीही वेगाने फिरताना आसाला पिळतो. हे बलयुग्माचे असंतुलन चाक फिरविल्याखेरीज उमगत नाही आणि दोन वेगळ्या प्रतलांत वजने लावल्याखेरीज दूर होत नाही. फ्रान्त्स लावाचेक याने १९०७ मध्ये गतिक संतुलनाचे यंत्र सिद्ध केले व डार्मश्टाटच्या कार्ल शेंक कंपनीने त्यावरून यंत्रे बांधण्यास आरंभ केला. ही यंत्रे टर्बाइन व जनित्रे यांच्या घूर्णकांसाठी होती. त्यांचा वारसा मोटारीच्या चाकापर्यंत पोहोचण्यास बराच अवधी लागला.

तो अवधी संपण्याचे कारण घडले ते १९२० च्या दशकात. पुढच्या चाकांना ब्रेक आले, त्यामुळे पुढच्या आसावरील भार वाढला. १९२३ पासून अमेरिकेत कमी दाबाचे, फुगीर टायर रूढ झाले. प्रवास मऊ झाला, पण त्याबरोबर एक नवी व्याधी आली : ठराविक वेगाला पुढची चाके डावी-उजवीकडे थरथरू लागत आणि सुकाणूचे चक्र चालकाच्या हातातून निसटू पाहत असे. फ्रेंच अभियंता जॉर्ज ब्रूलिए याने १९२५ मध्ये या व्याधीचे पद्धतशीर विवेचन केले. तिचे मूळ भोवऱ्याच्या गुणधर्मात आहे. दोन्ही पुढची चाके एकाच अखंड आसाला जोडलेली असली की एक चाक उचलले जाताच सगळा आस तिरपा होतो. फिरते चाक तिरपे झाले की भोवऱ्याप्रमाणे ते काटकोनातील दिशेत, म्हणजे सुकाणूच्या दिशेत वळू पाहते. वळले की पुन्हा आस तिरपा होतो. असंतुलित चाक या साखळीला दर फेऱ्याला एक धक्का देत राहते. धक्क्याची कंप्रता आसाच्या स्वाभाविक कंप्रतेशी जुळली की थरथर थांबत नाही. प्रवासी मोटारींनी १९३० च्या दशकात स्वतंत्र निलंबन स्वीकारून ही साखळीच तोडली. मॉरिस ओली याच्या प्रयत्नांनी जनरल मोटर्सच्या १९३४ च्या गाड्यांत ते आले, हे प्रसिद्धच आहे. परिणामी सडकेवरील मोटारीत संतुलन हा सुखसोयीचा विषय उरला. अखंड आस ज्यांनी सोडला नाही त्या वाहनांत तो सुरक्षेचाच प्रश्न राहिला, आणि खडतर वाटेवरची वाहने नेमकी त्या गटातली.

त्यांच्याआधी शेतातील ट्रॅक्टरचा एक प्रसंग नोंदविण्यासारखा आहे. १९३२ मध्ये अॅलिस-चामर्स कंपनीने आपल्या ट्रॅक्टरला पोलादी चाकांऐवजी हवेचे टायर दिले, आणि शेतकऱ्यांचा संशय दूर व्हावा म्हणून पुढील वर्षी बार्नी ओल्डफील्ड या शर्यतपटूकडून ट्रॅक्टर ताशी ६४ मैलांहून अधिक वेगाने पळवून दाखविला. तो जाहिरातीचा खेळ होता. खुद्द शेतात ट्रॅक्टर इतक्या मंद गतीने चालतो की संतुलनाचा विचारही करावा लागत नाही; उलट पकड वाढावी म्हणून टायरमध्ये पाणी किंवा कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण भरण्याची प्रथा रूढ झाली. टायरच्या पोकळीत मोकळा पदार्थ भरण्याची ही पद्धत वरवर पाहता पुढील काळातील गोळ्यांसारखी दिसते व काही वेळा दोहोंची गल्लतही केली जाते. परंतु ट्रॅक्टरमधील पाणी केवळ वजनासाठी असून ते मंद गतीत तळाशीच राहते; तोलाशी त्याचा काही संबंध नाही.

खरी कसोटी लागली ती जीपमुळे. १९४१ पासून दुसऱ्या महायुद्धात लाखोंच्या संख्येने तयार झालेल्या या वाहनाला ६.००-१६ मापाचे टायर होते. पुढे-मागे दोन्हीकडे सारखीच पकड देणारी त्यांची जाड नक्षी सैनिकी टायरची खूण बनली. पुढचा व मागचा दोन्ही आस अखंड व पाट्यांवर तोललेले होते. टायरमधली हवा गेली तरी गाडी पुढे रेटता यावी म्हणून दोन भागांची, बोल्टांनी जोडलेली रिम वापरण्यात आली. चाक असंतुलित करण्यास पोषक अशा जवळजवळ सर्व गोष्टी या रचनेत एकत्र आल्या होत्या : खोल व जड नक्षी, बोल्टांची रांग, दोन भागांची रिम आणि थरथरीला अनुकूल असा आस. तरीही युद्धकाळात त्याविषयी फारशी तक्रार उद्भवली नाही, कारण सैनिकी ताफे बेताच्या गतीने चालत. युद्धानंतर हेच वाहन नागरी वापरात आले. १९४८ मध्ये इंग्लंडच्या लँड रोव्हरने याच मापाचे टायर घेतले, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत माझगाव येथे जीपची जोडणी सुरू केली. सरकारी दौऱ्यांची गाडी म्हणून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जीप परिचित झाली ती यानंतरच. कच्च्या वाटेवरून निघून डांबरी सडकेवर वेग घेणारे वाहन असा तिचा दुहेरी उपयोग रूढ झाला आणि चाकाचा तोल ढळल्याचे चालकाच्या हाताला कळू लागले.

यावर जे उपाय प्रचारात आले त्यांत सर्वांत साधा पाणसळीचा. चाक एका टोकदार आधारावर आडवे ठेवायचे, मध्यभागी गोल पाणसळ ठेवायची आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत रिमच्या कडेला शिशाची वजने सरकवायची. हा उपाय स्वस्त आहे, वीज मागत नाही आणि आडगावीही चालतो. पण तो केवळ स्थैतिक दोष दूर करतो. अरुंद टायरला तो पुरेसा ठरतो, याचे कारण भूमितीत आहे. टायर जितका अरुंद तितके दोन प्रतलांमधील अंतर कमी व तितका बलयुग्माचा हात आखूड. जीपच्या मूळ अरुंद टायरला पाणसळीने भागत असे. पुढे हौसेने रुंद टायर बसविण्यात येऊ लागले तेव्हा तीच पद्धत अपुरी पडली. दुसरा उपाय चाक वाहनावरच ठेवून, जॅकने उचलून, मोटरीने फिरविण्याचा. यात ब्रेकचे पिंप, तुंबा व बोल्ट यांचाही तोल एकत्रच साधतो, हा त्याचा मोठा गुण. चाकाची जागा बदलली किंवा ते काढून निराळ्या खुणेवर बसविले की केलेले काम वाया जाते, हा दोष. तिसरा उपाय अर्थातच गतिक यंत्राचा, आणि आज सर्वत्र तोच रूढ आहे. मोठ्या चाकांच्या बाबतीत यंत्रापेक्षा यंत्रावरची बैठक अधिक चुकते, असे दिसून येते. पुष्कळ जड वाहनांची चाके बोल्टांनी मध्यावर येतात, तर यंत्रावर ती मधल्या छिद्रातून शंकूने धरली जातात. दोन मध्यबिंदूंत एक मिलिमीटरचा फरक असला तरी ४० किलोग्रॅमच्या चाकात तो २०० मिलिमीटर त्रिज्येवरील २०० ग्रॅमइतका होतो. यंत्राने पाच ग्रॅमपर्यंत साधलेला तोल गाडीवर बसविताच नाहीसा होण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

याहून अवघड प्रश्न चिखलाचा. रिमच्या आतील अंगाला ३०० ग्रॅम चिखल वाळून बसला की वरील उदाहरणातील ५० ग्रॅमच्या सहापट असंतुलन एका क्षणात निर्माण होते. पाणी मारून तो काढता येतो. पण दगडाच्या घासाने किंवा चिखलाच्या ओढीने निघून गेलेले वजन परत येत नाही. कडेला अडकविण्याची वजने खडकावर आधी जातात. कमी हवेत टायर रिमवरून सुटू नये म्हणून बाहेरच्या अंगाला बोल्टांनी आवळलेली कडी बसविण्याची पद्धत आहे. अशा रिमला बाहेरून वजन अडकविण्यास कडाच उरत नाही. मग चिकटवायची वजने आतल्या पिंपाकार भागावर लावावी लागतात, म्हणजे दोन्ही प्रतले एकमेकांच्या जवळ येतात व बलयुग्माचा दोष काढण्यासाठी बरेच अधिक वजन लागते. पुन्हा तेथेच चिखल साचतो.

या अडचणीतून खडतर वाटेचे हौशी चालक एका जुन्या कल्पनेकडे वळले. टायरमध्ये प्लास्टिकच्या किंवा काचेच्या बारीक गोळ्या मोकळ्या टाकाव्यात, त्या स्वतःच हलक्या बाजूला जाऊन बसतील, असा हा उपाय. त्याला नवलाईचा शोध मानणारे पुष्कळ आहेत आणि भोंदूपणा मानणारेही तितकेच. इतिहास दोघांनाही थोडा प्रतिकूल आहे. फेस्का याने १८७२ मध्येच केंद्रोत्सारकासाठी मोकळ्या द्रव्यमानाने आपोआप तोल साधण्याचे पेटंट घेतले होते. मोरिस लब्लां याने १९१६ च्या अमेरिकन पेटंटात त्याकरिता द्रव वापरला. थर्ल याने १९३२ मध्ये वर्तुळाकार खोबणीत दोन गोळ्या सोडून घूर्णक संतुलित करण्याची पद्धत मांडली, आणि डेन हार्टोग यांच्या १९३४ च्या कंपनशास्त्रावरील ग्रंथामुळे ती अभ्यासकांना परिचित झाली. कल्पना खरी आहे. पण तिला एक अट आहे, आणि ती अट फ्योप्ल व जेफकॉट यांनी स्पष्ट केलेल्या वस्तुस्थितीतूनच येते. क्रांतिक वेगाच्या वर मोकळे द्रव्यमान हलक्या बाजूला सरकते. त्या वेगाच्या खाली ते जड बाजूला जाऊन दोष वाढविते. थर्ल याने आपल्या यंत्रात गोळ्या क्रांतिक वेग ओलांडल्यावरच मोकळ्या सोडल्या, त्या याच कारणाने.

आता ही अट चाकाला लावून पाहावी. ३७ इंच व्यासाच्या टायरचा परीघ सुमारे २.९५ मीटर, ताशी १०० किलोमीटरला ते चाक सेकंदाला साधारण ९.४ फेरे करते. उदाहरणादाखल टायरची ताठरता मिलिमीटरला २०० न्यूटन व एका चाकावाटे येणारे निलंबनाखालील द्रव्यमान ६० किलोग्रॅम धरले तर उभ्या कंपनाची स्वाभाविक कंप्रता सेकंदाला सुमारे ९.२ येते. म्हणजे सडकेवरचा नेहमीचा वेग हाच जवळजवळ क्रांतिक वेग ठरतो. याहून लहान चाक त्याच वेगाला अधिक फेरे करते व क्रांतिक वेगाच्या पलीकडे लवकर पोहोचते. चाक जसे मोठे करावे तसे गोळ्यांचे काम अनिश्चित होत जाते. ज्या चाकांना ही पद्धत सर्वाधिक हवी असते त्यांनाच ती सर्वांत कमी मानवते, असा हा पेच आहे. शिवाय आस उभ्या दिशेत मोकळेपणाने हलतो, पुढे-मागे मात्र त्याला पाटे घट्ट धरून असतात. एका दिशेत अट पुरी झाली तरी दुसऱ्या दिशेत ती अपुरी राहण्याचा संभव असतो.

गोळ्या मुळी सरकतात तरी कशा, हाही आक्षेप घेतला जातो. वरील चाकात सुमारे ताशी ८ किलोमीटरला त्या टायरच्या आतल्या पृष्ठाला चिकटून फिरू लागतात आणि ताशी १०० किलोमीटरला गुरुत्वाच्या सुमारे १६० पट प्रेरणेने दाबल्या जातात. इतक्या दाबाखाली घर्षण त्यांना हलू देणार नाही, असा तर्क. त्यात एक गोष्ट सुटते. टायर जमिनीला टेकतो तेथे त्याचा मार्ग क्षणभर सपाट होतो. वक्रता नाही म्हणजे दाबही नाही. दर फेऱ्यात प्रत्येक गोळी अशी एकदा सैल होते व तेव्हा आसाच्या कंपनाने थोडी सरकू शकते. हा आक्षेप त्यामुळे टिकत नाही. बलयुग्माचा आक्षेप मात्र टिकतो : गोळ्या सर्वांत मोठ्या त्रिज्येवर गोळा होतात, आणि टायरच्या दोन कडांना दोन वेगळे समतोल त्या राखू शकत नाहीत. ओलसर हवा भरली गेली तर त्यांचा गठ्ठा बनून एका जागी चिकटतो, हा व्यवहारातला दोष कोकणातल्या पावसाळ्यात दुर्लक्षिण्याजोगा नाही.

शिशाच्या वजनांचे दिवसही मध्यंतरी फिरले. युरोपीय संघात २००५ पासून नव्या गाड्यांच्या चाकांवर शिशाची वजने लावण्यास बंदी झाली व २०१० पासून कॅलिफोर्नियातही तसा निर्बंध आला. सडकेवर गळून पडलेले शिसे दळले जाऊन पाण्यात मिसळते, हे त्याचे कारण. त्याजागी आलेले पोलाद व जस्त शिशापेक्षा हलके असल्याने तितक्याच तोलासाठी अधिक लांबीचे तुकडे लागतात, आणि खडकाळ वाटेवर लांब तुकडा अधिक सहज निसटतो.

गोळ्यांविषयीचा वाद कार्यशाळेतील यंत्रावर मिटावा, अशी अपेक्षा पुष्कळदा व्यक्त होते. ती पुरी होण्यासारखी नाही. आजची चाक-संतुलन यंत्रे ताठर आसाची असतात. चाक क्रांतिक वेगाच्या बऱ्याच खाली फिरवून आधारावर येणारी प्रेरणा ती मोजतात. अशा आसावर गोळ्यांना योग्य बाजू सापडण्याचे काही कारणच नसते, म्हणून गोळ्या भरलेले चाक यंत्रावर चढविले की प्रत्येक फेरीत निराळा आकडा येतो. त्यावरून पद्धत निरुपयोगी ठरविणे हे जितके चूक, तितकेच सडकेवर थरथर कमी झाल्याच्या चालकाच्या अनुभवावरून ती सिद्ध मानणे चूक. वाहनाच्या आसावरच, त्याच्याच पाट्यांवर व त्याच टायरच्या दाबाला, वेग हळूहळू वाढवीत आणि क्रांतिक वेग ओलांडून घेतलेल्या कंपनमापनानेच याचा निर्णय होऊ शकतो.